ऐसपैस गाड्यांचा उतरता काळ : प्रस्तावना

लखनौ छावणीची हद्द मागे टाकून रायबरेली रस्त्याला लागले की तेलीबाग येते. दिवसभर या रस्त्यावर उंच, रुंद टायरांच्या, बहुतेक पांढऱ्या गाड्या धावत असतात. रस्ता सोडून आत वळले की माझ्या घराजवळ एक जुने गॅरेज आहे. त्याच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, एक प्लायमाऊथ उभी आहे. तिच्या बंपरवरचे क्रोम उडून गेले आहे आणि मूळचा हिरवा रंग फक्त दाराच्या आतल्या कडेला उरला आहे. दार मात्र अजून जड, भरीव आवाज करून बंद होते. आत पुढच्या बाजूला दोन वेगळ्या खुर्च्या नाहीत, एक सलग बाक आहे. गिअरचा दांडा जमिनीतून वर येत नाही, स्टिअरिंगच्या खाली आडवा आहे. त्यामुळे पुढे तीन माणसे मांडीला मांडी न घासता बसतात.

बोनेट उचलले की या गाडीची खरी गोष्ट कळते. मूळचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन तिथे नाही. त्या जागी चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. ते मूळ इंजिनापेक्षा आखूड असल्यामुळे रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये हातभर जागा रिकामी राहिली आहे. हे इंजिन बसवणारे वृद्ध मिस्त्री अजून त्याच गॅरेजमध्ये येतात. त्यासाठी त्यांनी स्वतः फाउंडेशन कापून वेल्डिंग केले होते, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट खरादावर घडवून घेतली होती आणि पुढचे स्प्रिंग बदलले होते, कारण डिझेल इंजिनाचे वजन जास्त. या गाडीचा पुर्जा बाजारात मिळत नाही, तो बनवावा लागतो, असे ते अगदी सहज सांगतात. पुढे अनेक वर्षे ती लग्नाच्या वराती नेत राहिली.

या अंगणातच हे पुस्तक सुरू झाले. अमेरिकेतल्या मोठ्या, आलिशान सेडान गाड्या का आल्या, का वाढल्या आणि का संपल्या, हा त्याचा विषय. पण तो विषय मराठी वाचकापुढे ठेवताना डेट्रॉइटइतकेच कुर्ला, शिवडी आणि दादर यांच्याविषयीही लिहावे लागते, कारण या गाड्यांच्या आयुष्यातला एक मोठा, कष्टाचा आणि जवळजवळ न लिहिलेला भाग आपल्याकडे घडला आहे.

आधी 'मोठी सेडान' म्हणजे काय ते सांगतो. भक्कम चेसीवर वेगळी बसवलेली बॉडी, चार दारे, मागे स्वतंत्र डिकी, पुढे लांब बोनेट, मोठे इंजिन आणि मऊ स्प्रिंग. मोटारीचे सगळे गुण तिच्यात होते असे नाही. वळणावर ती कलायची, ब्रेक लावला की नाक खाली करायची, पेट्रोल भरपूर प्यायची. तिचा एक गुण मात्र पुढे कुठल्याच गाडीला साधला नाही. ती ऐसपैस होती. सहा माणसे तिच्यात बसत आणि प्रवास संपला तरी कोणी आंबलेले नसे. मराठीत 'ऐसपैस' हा शब्द घराला, ओसरीला, पंगतीला आणि गप्पांना लावतात. मोटारीला तो लावावा असा काळ काही दशकेच टिकला.

त्या काळाची सुरुवात १९०२ मध्ये कॅडिलॅक कंपनी निघाली तेव्हापासून धरता येते. हेन्री लीलँड यांनी ती उभी केली आणि डेट्रॉइट शहर वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचे नाव तिला दिले. याच लीलँड यांनी पुढे १९१७ मध्ये लिंकन कंपनी काढली, जी १९२२ मध्ये फोर्डने विकत घेतली. म्हणजे अमेरिकी आलिशान मोटारीची दोन मोठी घराणी एकाच माणसाच्या हातून जन्मली. पॅकार्ड त्याहून जुनी, १८९९ सालची. मोटार चालू करण्यासाठी पुढे हँडल फिरवावे लागे. ती कटकट १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणून संपवली. १९३० मध्ये तिने सोळा सिलिंडरांचे इंजिन दिले. महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले पंख तिच्या मागच्या कोपऱ्यांवर उगवले. १९५९ मध्ये ते पंख सर्वांत उंच झाले. त्या वर्षीच्या कॅडिलॅक सेडानची लांबी २२५ इंच, म्हणजे ५.७ मीटर होती. आपली प्रीमियर पद्मिनी चार मीटरांहूनही थोडी आखूड. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या काळच्या अमेरिकेचा स्वभाव लक्षात येतो. पेट्रोल स्वस्त होते, १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग बांधले जात होते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा थोडी लांब गाडी हवी होती.

मग हे संपले कसे? लोक सहसा एकच उत्तर देतात, की तेल महागले. ते खरे आहे, पण अर्धेच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. १९७५ मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर कायद्याने मर्यादा घातली. १९७६ पर्यंत ८.२ लिटरचे इंजिन देणाऱ्या जनरल मोटर्सने १९७७ मध्ये आपल्या मोठ्या गाड्या एकदम आखूड आणि हलक्या केल्या. आश्चर्य असे, की लोकांनी त्या आनंदाने घेतल्या. आतली जागा फारशी कमी झाली नव्हती. म्हणजे गाडी लहान करूनही ऐसपैस ठेवता येते, हे डेट्रॉइटच्याच अभियंत्यांनी दाखवून दिले होते.

घसरण त्यानंतरची आहे आणि तिचा मोठा दोष कंपन्यांकडे जातो. कॅडिलॅकने १९८१ मध्ये आठाचे सहा आणि सहाचे चार सिलिंडर करणारे इंजिन आणले. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला तो भार पेलला नाही. पुढच्याच वर्षी शेवरोलेच्या छोट्या गाडीला कॅडिलॅकचा बिल्ला लावून सिमॅरॉन नावाने विकायला काढली. गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटले. कमावलेले नाव खर्चायला किती कमी वेळ लागतो याचा हा धडा आहे. १९८९ मध्ये जपानहून लेक्सस आली, तेव्हा शांत, निर्दोष, टिकाऊ मोठी गाडी कशी असते ते अमेरिकी माणसाने परक्याकडून शिकले.

तरीही जुन्या घडणीच्या गाड्यांना गिऱ्हाईक होतेच. त्यांना शेवटचा धक्का एका कलमाने दिला, असे माझे मत आहे. इंधनाच्या कायद्यात मोटार आणि हलका ट्रक असे दोन वर्ग होते. नव्वदच्या दशकाअखेर मोटारींना सरासरी गॅलनला २७.५ मैलांची अट होती, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. हलक्या ट्रकला २०.७ मैल पुरत, म्हणजे लिटरला पावणेनऊच्या आसपास. ट्रकच्या चेसीवर बंद बॉडी चढवून आत चामड्याच्या खुर्च्या घातल्या की तीच जड, मोठी, भरपूर नफ्याची गाडी कायद्याच्या सोप्या बाजूला जाऊन बसे. कॅडिलॅकची शेवटची मागच्या चाकांवर चालणारी मोठी फ्लीटवुड १९९६ मध्ये बंद झाली आणि टेक्सासमधला तो कारखाना मोठ्या एसयूव्हींकडे वळला. १९९८ मध्ये कॅडिलॅकने एस्केलेड आणली. लिंकन टाउन कार २०११ मध्ये संपली, शेवरोले इम्पाला आणि लिंकन कॉन्टिनेन्टल २०२० मध्ये, क्रायस्लर ३०० ही २०२३ मध्ये. प्लायमाऊथ, ओल्डस्मोबिल आणि पाँटिअॅक ही नावे तर त्याआधीच पुसली गेली होती.

पण मोठेपणाची हौस अमेरिकेतून गेलेली नाही. ती लांबीकडून उंचीकडे वळली. आडवे पसरून बसण्याऐवजी इतरांच्या वरून पाहण्याची ओढ आली. रुबाब टिकला आणि विसावा हरवला. या पुस्तकाचा पहिला भाग या बदलाचा आहे.

दुसरा भाग आपला आहे आणि माझे मन त्यातच जास्त रमले.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. समुद्रमार्गे खोक्यांतून सुटे भाग येत आणि शिवडीत त्यांची शेवरोले होई. फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली होती. पण या जोडणीत आपले काय होते? लोखंड त्यांचे, आराखडा त्यांचा, नफा त्यांचा. हा सल सर एम. विश्वेश्वरय्या यांना होता. भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना घेऊन ते १९३५ मध्ये अमेरिकेला जाऊन आले. पुढे ती योजना उचलली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज समुद्रात पाठवणारा हा माणूस. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही आपल्या देशात घडली पाहिजेत, या एकाच ध्यासावर त्यांनी आयुष्य लावले. ब्रिटिश सरकारने मोटारीच्या वाटेत अडथळे आणले, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातल्या डॉज, डिसोटो आणि प्लायमाऊथ गाड्या बाहेर पडू लागल्या. या तिन्ही मुळात सख्ख्या बहिणी. जाळी आणि बिल्ला सोडला तर फरक थोडा.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी कुर्ल्यात ही मोठी अमेरिकी सेडान तयार होऊ लागली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कारण त्याच स्वातंत्र्याच्या गरजांपुढे तिला मागे सरावे लागले. परकीय चलन तुटपुंजे होते. पोलाद कारखान्यांना आणि धरणांना हवे होते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की ज्यांच्याकडे देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम बंद केले. फोर्डही गेली. वालचंद हिराचंद एप्रिल १९५३ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी प्रीमियरने फियाट ११०० आणली. पुढून डुकराच्या नाकाडासारखी दिसते म्हणून मुंबईने तिचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले आणि तिला घरात घेतले. मोठ्या बहिणींचे कुर्ल्यातले दिवस भरत आले. अमेरिकेत या गाड्यांचा अस्त १९७३ नंतर दिसू लागला. आपल्याकडे तो वीस वर्षे आधीच ठरला होता, आणि त्याचे कारण बदललेली आवड नव्हती, देशाची काटकसर होती. हा निर्णय बरोबर होता असेच मला वाटते. गरीब देशाला सहा सिलिंडरांची चैन परवडणारी नव्हती.

त्यानंतर परदेशी मोठी गाडी मिळवायची म्हणजे वकिलातींनी वापरलेली गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून घ्यायची. सिनेमावाल्यांनी त्या घेतल्या आणि 'इम्पाला' हा शब्द श्रीमंतीला पर्याय झाला. अभिनेते भगवानदादा पालव यांच्याकडे आठवड्याच्या सात वारांसाठी सात गाड्या होत्या असे सांगतात. शेवटी गाड्या गेल्या, जुहूचा बंगला गेला आणि ते दादरच्या चाळीत परतले. इकडे अवधमध्ये जुलै १९५२ पासून जमीनदारी गेली आणि तालुकदारांच्या कोठ्यांमधला मोटारीचा डामडौलही ओसरला. मालक उतरणीला लागले की गाड्या विकल्या जातात, आणि विकली गेलेली गाडी कष्टकऱ्याच्या हाती येते. तिथून तिचा दुसरा जन्म सुरू होतो.

तो जन्म मी लहानपणी पाहिला. सत्तरच्या दशकात सुट्टीत आम्ही लखनौहून झाशीमार्गे रेल्वेने दादरला उतरत असू आणि मामा आम्हाला पुण्याच्या टॅक्सीत बसवत. ती टॅक्सी म्हणजे जुनी प्लायमाऊथ किंवा डॉज, आत डिझेल इंजिन घातलेली. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे, मागे चौघे, टपावर वळकट्या. अनोळखी माणसे सलग बाकावर एकमेकांशेजारी बसत आणि खोपोली येईपर्यंत गावाचे नाव, पाहुण्यारावळ्यांची ओळख, डब्यातली चटणी सगळे निघे. बोरघाटात इंजिन तापले की ड्रायव्हर गाडी कडेला घेई, बोनेट उघडून फडक्याने रेडिएटरचे झाकण हळूच सैल करी. वाफ निवेपर्यंत सगळे प्रवासी खाली उतरून दरी पाहत उभे. ज्या बाकावर अमेरिकेतले एक कुटुंब बसेल अशी कल्पना होती, त्या बाकावर आपल्याकडे परकी माणसे दोन-चार तासांपुरते कुटुंब होत. त्या गाडीच्या ऐसपैसपणाचे याहून चांगले सार्थक झालेले मला माहीत नाही.

हे शक्य केले ते मिस्त्र्यांनी. मूळ इंजिन साडेतीन लिटरपेक्षा थोडे मोठे, साइड व्हॉल्व्हचे, पेट्रोलवर चालणारे. पेट्रोल महागल्यावर या गाड्या भंगारात गेल्या असत्या. त्यांना डिझेलचे काळीज बसवणारे हात कुर्ल्यात होते, पुण्यात होते, तेलीबागेत होते. त्यांच्या कामाचा आराखडा कुठल्याही कंपनीने दिला नव्हता. डेट्रॉइटने चार-पाच वर्षांत जुनी म्हणून टाकायची गाडी घडवली आणि आपल्या मिस्त्र्यांनी ती तीस-चाळीस वर्षे कमावती ठेवली.

नंतरची कहाणी वेगाने सांगता येते. कुर्ल्याच्या फियाटची पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. लखनौच्या सचिवालयासमोर रांगेने उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या अॅम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. सत्तेची गाडी कोणती, या प्रश्नाचे उत्तर इथेही अमेरिकेसारखेच बदलले. आधी पुण्याची सफारी, मग नाशिकची स्कॉर्पिओ, मग फॉर्च्युनर. आडवी गाडी गेली आणि उभी गाडी आली. रायबरेली रस्त्यावर मी रोज पाहतो ते हेच.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात जतनाचा प्रश्न आहे आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. हे चांगले पाऊल आहे. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर ती गाडी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे जी गाडी कोठीत झाकून ठेवली गेली तिला मान मिळतो. जी घाट चढली, जिने वराती नेल्या, ड्रायव्हरची मुले शिकवली, तिला मिळत नाही. तेलीबागेतली प्लायमाऊथ या नियमाने ना धड जुनी, ना धड नवी. भंगार हाच तिचा बहुधा शेवट. मला हे मान्य नाही. आपल्या देशात मोठ्या गाडीचा इतिहास तिच्या बदललेल्या इंजिनातच आहे. तो काढून टाकला तर उरते ती फक्त अमेरिकेची उसनी आठवण. सरकारने कमावत्या जुन्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करावा आणि एखाद्या तरी संग्रहालयाने डिझेल घातलेली एक टॅक्सी, तिच्या मीटरसह आणि टपावरच्या कॅरिअरसह, जशी आहे तशी ठेवावी.

या लेखनासाठी ज्यांनी वेळ दिला ते बहुतेक मिस्त्री, डेंटर, खरादवाले आणि निवृत्त ड्रायव्हर आहेत. त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत आणि त्यांचे ज्ञान कुठे लिहिलेले नाही. म्हणून वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या घरात, गल्लीत, गावात अशा गाडीवर काम केलेला कोणी असेल तर त्याच्याकडे जा, वही घेऊन बसा, कोणता पुर्जा कशातून बनवला ते विचारा आणि लिहून घ्या. गाडी कडुनिंबाखाली आणखी काही वर्षे उभी राहील. मिस्त्री तितकी वर्षे थांबणार नाहीत.

तेलीबाग, लखनौ